ध्वनीच्या भिंतीपलीकडली नोकरी

२१ मे २०२१ रोजी एरियन ही अमेरिकन कंपनी बंद पडली. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद पडली असं म्हणता येत नाही. ‘एएस२’ या तिच्या नियोजित स्वनातीत (सुपरसॉनिक) बिझनेस जेटसाठी ११ अब्ज डॉलरच्या वर मागणी नोंदलेली होती. एका विमानाची किंमत १२ कोटी डॉलर, आत आठ ते बारा माणसं, वेग मॅक १.४, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट, आणि न्यूयॉर्कहून लंडन साडेचार तासांत, असा तो बेत होता. एअरबस, लॉकहीड मार्टिन आणि बोइंग या तिन्ही बड्या कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात तिला हात दिला होता. इंजिनाची आखणी जीई या इंजिन कंपनीनं केली होती. बंद पडण्याच्या दोनच महिने आधी खासगी जेटची सेवा देणाऱ्या नेटजेट्स कंपनीनं वीस विमानं घेण्याचा हक्क राखून ठेवला होता आणि पायलटांच्या प्रशिक्षणासाठी फ्लाइटसेफ्टी या नावाजलेल्या कंपनीशी बोलणी झाली होती. विमान आकाशात न्यायला मात्र सुमारे ४ अब्ज डॉलर लागणार होते आणि पुढच्या टप्प्याचा पैसा उभा राहिला नाही. विमानाचा एकही नमुना न उडता अठरा-एकोणीस वर्षांचं काम थांबलं.

हा प्रसंग मला स्वनातीत प्रवासाच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतो. गेली दोन वर्षं सुपरसॉनिक प्रवासाच्या बातम्या पुन्हा जोरात आहेत आणि फ्लाइंग स्कूलमध्ये असलेल्या किंवा नुकताच परवाना हाती आलेल्या मुलामुलींना त्यांचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. एअरलाइनपेक्षा कॉर्पोरेट जेटकडे ओढा असलेल्यांना तर विशेष, कारण ध्वनीची भिंत ओलांडणारं पुढचं नागरी विमान आधी धनिकांच्या हँगरमध्ये दिसेल असं बरीच वर्षं सांगितलं गेलं आहे. माझं मत असं, की तंत्रज्ञानाच्या बाजूनं हे विमान आज कधी नव्हतं इतकं शक्य कोटीतलं आहे. पण ज्याला पायलट म्हणून तीस-पस्तीस वर्षं काढायची आहेत, त्यानं आपल्या आयुष्याची आखणी त्याच्या भरवशावर करू नये. हे मत कशावर बेतलेलं आहे ते नीट मांडायला हवं.

सुरुवात आवाजापासून. विमान ध्वनीपेक्षा वेगानं जातं तेव्हा त्याच्या पुढची हवा आधी बाजूला सरकू शकत नाही. दाबाच्या लाटा एकमेकींवर चढतात आणि त्यांचा शंकूसारखा आघात जमिनीवर ‘सॉनिक बूम’ म्हणून पोचतो. हा दणका फक्त भिंत ओलांडण्याच्या क्षणी होतो हा गैरसमज आहे. विमान जितका वेळ त्या वेगात असेल तितका वेळ त्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात तो गावोगाव ऐकू येत जातो. १९६४ मध्ये अमेरिकेनं ओक्लाहोमा सिटीवर फेब्रुवारी ते जुलै लष्करी विमानं उडवून १,२५३ दणके मुद्दाम पाडले, लोकांना सवय होते का ते पाहायला. सवय झाली नाही, हजारो तक्रारी आल्या. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं बोइंगच्या सुपरसॉनिक प्रवासी विमानाचा निधी थांबवला आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या भूभागावर नागरी विमानांना मॅक १ ओलांडण्याची बंदी आली.

काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचं व्यापारी भवितव्य या बंदीच्या सावलीतच ठरलं. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, जानेवारी १९७६ मध्ये सेवेत आलं. तोवर जगभरच्या कंपन्यांनी राखून ठेवलेले हक्क सोडून दिले होते. त्यांत तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडियाही होती, तिनं दोन विमानांचे हक्क घेतले होते आणि १९७५ मध्ये ते सोडले. एकूण चौदाच काँकॉर्ड प्रवासी सेवेत राहिली. लंडन–बहारीन–सिंगापूर हा मार्ग काही काळ चालला, पण मलेशियानं आक्षेप घेतला, भारतानं आपल्या आकाशात स्वनातीत वेगाला परवानगी दिली नाही, आणि १९८० मध्ये तो बंद झाला.

पायलटांच्या दृष्टीनं त्याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ब्रॅनिफचं आहे. १९७९-८० मध्ये या कंपनीनं काँकॉर्ड वॉशिंग्टन ते डॅलस चालवलं. तिच्या वैमानिकांनी त्या विमानाचं पूर्ण प्रशिक्षण घेतलं होतं, पण मार्ग जमिनीवरचा असल्यामुळे प्रवाशांना घेऊन ते मॅक ०.९५ च्या आसपासच उडवत राहिले. मॅक २ चं विमान हाताशी, ते चालवायचं कौशल्य अंगात, आणि कायदा आड. सेवा दीडेक वर्षात बंद झाली.

आता काय बदललं आहे? तीन गोष्टी. पहिली नासाची. लॉकहीड मार्टिननं नासासाठी बांधलेलं एक्स-५९ हे विमान २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पामडेलहून पहिल्यांदा उडालं. सुमारे ३० मीटर लांबीच्या या विमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग नुसतं नाक आहे. इंजिन पाठीवर बसवलेलं आहे. दाबाच्या लाटा एकमेकींत मिसळून मोठा आघात होऊ नये, त्या विखुरलेल्याच जमिनीवर पोचाव्यात, यासाठी हा सगळा आकार. काँकॉर्डचा आवाज १०५ डेसिबलच्या घरातला होता. एक्स-५९ चं लक्ष्य ७५ आहे. म्हणजे स्फोटाऐवजी शेजारच्या घरापाशी गाडीचं दार लागल्यासारखा धप्प. चाचण्या पूर्ण झाल्यावर ते लोकवस्तीवरून नेऊन लोकांना काय वाटलं हे विचारायचं आणि ती माहिती नियम करणाऱ्यांच्या हाती द्यायची, असा कार्यक्रम आहे. ओक्लाहोमाच्या प्रयोगापेक्षा हा मार्ग मला कितीतरी सभ्य वाटतो.

दुसरी गोष्ट डेन्व्हरच्या बूम कंपनीची. तिच्या एक्सबी-१ या छोट्या विमानानं २८ जानेवारी २०२५ रोजी मोहावीच्या वाळवंटावर मॅक १.१२ गाठला आणि जमिनीवर दणका ऐकू आला नाही. यामागचं विज्ञान जुनं आहे. उंचीवर हवा थंड असते म्हणून तिथे ध्वनीचा वेग कमी, जमिनीजवळ तो जास्त. वेग मॅक १ च्या थोडाच वर ठेवला आणि हवामान अनुकूल असलं, तर आघाताची लाट खाली येता येता वळते आणि वरच परत जाते. एरियनचाही भर यावरच होता. मर्यादा ही, की यातून मिळणारा वेग मॅक १.१ ते १.३ एवढाच, आणि तोही त्या दिवशीच्या वाऱ्या-तापमानावर अवलंबून. म्हणजे निघण्यापूर्वी पायलटला मार्गावरच्या थराथराचं हवामान तपासावं लागणार, आणि आज किती लवकर पोचू हे मालकाला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट राजकीय. ६ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवून तिच्या जागी आवाजाच्या मोजमापावर आधारलेला नियम आणण्याचा आदेश विमान वाहतूक प्रशासनाला दिला. वेगावर बंदी घालण्यापेक्षा आवाजावर मर्यादा घालणं हे तत्त्वतः योग्यच आहे. ही मागणी विमान बनवणारे कित्येक वर्षं करत होते. पण आदेश निघणं आणि जगभर मान्य होईल असा नियम तयार होणं यात अंतर आहे. युरोपातल्या देशांनी, रशियानं, चीननं, भारतानं आपापलं आकाश उघडलं नाही, तर अमेरिकेतला बदल न्यूयॉर्क–लॉस एंजेलिसपुरता उपयोगी. दिल्ली, दुबई, झुरिक यांच्या मधली जमीन तशीच राहते.

इथवर आवाजाचं झालं. मला स्वतःला त्याहून अवघड अडथळा इंजिनाचा वाटतो आणि चर्चेत त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

आजची जेट इंजिनं शांत आणि काटकसरी झाली ती पुढच्या मोठ्या पंख्यामुळे. आत घेतलेल्या हवेतली थोडीच हवा ज्वलनकक्षात जाते, बाकीची बाहेरून वळसा घालून मागे फेकली जाते. मोठ्या प्रवासी विमानांत ही वळशाची हवा आतल्या हवेच्या नऊ-दहापट असते. पण पंखा जितका रुंद तितका इंजिनाचा घेर मोठा, आणि मॅक १ च्या वर तो घेर विमानाला मागे खेचतो. म्हणून स्वनातीत विमानाला सडपातळ इंजिन लागतं. सडपातळ इंजिन हवा कमी, पण वेगानं फेकतं, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी विमानतळाशेजारच्या वस्तीला आवाज जास्त. काँकॉर्डची ऑलिम्पस इंजिनं शुद्ध टर्बोजेट, म्हणजे वळशाच्या हवेविना चालणारी होती आणि उड्डाणाच्या वेळी आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, वापरत. ती आजच्या विमानतळ नियमांत बसणारच नाहीत. आकाशातला दणका मिटवला तरी धावपट्टीवरचा आवाज उरतो तो असा, आणि या दोन्ही गरजा भागवणारं इंजिन आज कुणाच्याही कोठारात तयार नाही. जीईनं एरियनसाठी सीएफएम५६ या जुन्या विश्वासू इंजिनाचा गाभा घेऊन मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला होता. एरियनबरोबर तोही थांबला. बूमच्या ओव्हरचर या ६० ते ८० प्रवाशांच्या विमानाचं इंजिन रोल्स-रॉइस करणार होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बाजूला झाली आणि बूमला ‘सिंफनी’ हे इंजिन स्वतःच्या नेतृत्वाखाली करायला घ्यावं लागलं.

इंजिन कंपन्या मागे का हटतात? कारण नवं इंजिन हजारोंच्या संख्येनं विकलं गेलं आणि पुढे तीस वर्षं सुटे भाग पुरवले गेले, तरच त्याचा खर्च निघतो. एरियनचा स्वतःचा अंदाज दहा वर्षांत सुमारे तीनशे विमानांचा होता. तीनशे विमानांसाठी नवं इंजिन करणं हा कुठल्याही हिशेबी माणसाला न पटणारा व्यवहार आहे.

त्यात इंधनाची बाब. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेनं २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात स्वनातीत प्रवासी विमानं तशाच मार्गावरच्या साध्या विमानाच्या तुलनेत प्रवाशामागे पाच ते सात पट इंधन जाळतील असं निष्पन्न झालं होतं. खासगी जेट मुळातच प्रवाशामागे फार इंधन खातं, त्यावर हा गुणाकार. शिवाय ही विमानं ५०,००० ते ६०,००० फुटांवर, ओझोनच्या थराजवळ धूर सोडतात. मे २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बिझनेस जेट प्रदर्शनात हवामान-कार्यकर्त्यांनी विमानांना साखळ्यांनी बांधून घेतलं तेव्हा समोर उभी होती ती साधी जेट्स. समाजाचा हा राग वाढेल की ओसरेल, यावर या व्यवसायाचं भवितव्य वेगापेक्षा जास्त अवलंबून आहे, असं मला मनापासून वाटतं. जगातल्या मूठभर माणसांचे दोन तास वाचावेत म्हणून पाचपट इंधन जाळणं मला न्याय्य वाटत नाही, आणि शाश्वत इंधनाचा हवाला देऊन तो प्रश्न मिटत नाही, कारण ते इंधनही आज फार थोडं आहे.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहू. खासगी जेट घेणारा वेग विकत घेतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तो विकत घेतो ती मोकळीक. हवं तेव्हा, शहराच्या जवळच्या छोट्या विमानतळावरून, मधे न थांबता निघता येणं. न्यूयॉर्कच्या धनिकांचा आवडता विमानतळ टेटरबरो. तिथे एक लाख पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ४५ टनांपेक्षा जास्त वजनाच्या विमानाला परवानगी नाही, आणि आजची सर्वांत मोठी जेट्ससुद्धा तिथून इंधन कमी भरून निघतात. एएस२ चं पूर्ण वजन एक लाख तीस हजार पौंडांच्या वर होतं. अटलांटिक ओलांडण्याइतकं इंधन भरून त्याला टेटरबरोहून निघणं कठीण गेलं असतं. मोठ्या विमानतळावर जायचं, तिथल्या रांगेत उभं राहायचं, म्हणजे हवेत मिळवलेले तास जमिनीवर परत करायचे.

पल्ल्याचंही तसंच. एएस२ चा स्वनातीत पल्ला ४,२०० नॉटिकल मैल, म्हणजे पावणेआठ हजार किलोमीटर ठरवला होता. न्यूयॉर्क–लंडनला तो पुरतो. तिथे मॅक ०.९ च्या साध्या जेटला सव्वासहा तास धरले तर पावणेदोन तास वाचतात. पण टोकियो–लॉस एंजेलिस ८,८०० किलोमीटर आहे. तिथे इंधनासाठी वाटेत उतरावं लागलं असतं. उतरणं, इंधन, पुन्हा चढणं, वेग पकडणं हे सगळं जमेस धरलं, तर ढोबळ हिशेबानं साडेनऊ तासांचे साडेसात होतात. दोन तास वाचले खरे, पण झोप मोडली.

याच्या उलट साध्या जेटनं काय केलं पाहा. बॉम्बार्डियरचं ग्लोबल ८००० हे २०२५ च्या अखेरीस सेवेत आलं. पल्ला ८,००० नॉटिकल मैल, वेग मॅक ०.९५ पर्यंत. त्याच्या विकासासाठी वापरलेल्या विमानानं मे २०२१ मध्ये चाचणीत मॅक १ सुद्धा ओलांडला होता. गल्फस्ट्रीमची जी७०० आणि जी८०० याच वर्गातली. यांत शयनकक्ष असतो, न्हाणीघर असतं, हवेचा दाब इतका चांगला राखलेला की चौदा तासांनी माणूस ताजा उतरतो. स्वनातीत विमानाच्या सडपातळ देहात हे बसत नाही. तिथे बारा माणसांनी खुर्च्यांवर बसायचं. एकाच पैशात लवकर पोचणं किंवा झोपून पोचणं यांतलं एक निवडायचं असेल, तर बहुतेक खरेदीदार आजवर झोपेकडे गेले आहेत. बोस्टनच्या स्पाइक कंपनीचं बिनखिडक्यांचं एस-५१२ बारा वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे. एक्झोसॉनिक या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काम बंद केलं. बूमचं लक्ष तर मुळात एअरलाइनकडे आहे. युनायटेड आणि अमेरिकन या कंपन्यांनी तिच्याकडे मागणी नोंदवली आहे. म्हणजे आज या घडीला खास बिझनेस जेट म्हणून बांधलं जात असलेलं, धातूच्या रूपात समोर असलेलं स्वनातीत विमान एकही नाही.

मग कॉर्पोरेट पायलटचं भवितव्य कशात आहे?

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरून ते फार चकचकीत दिसतं. एअरलाइनच्या कॅप्टनला रोस्टर मिळतो, मार्ग ठरलेला असतो, सामान कोण चढवतं हे त्याला पाहावं लागत नाही. कॉर्पोरेट पायलट मालकाच्या फोनवर जगतो. रात्री अकराला निरोप येतो, सकाळी सहाला निघायचं. मग दुसऱ्या देशांच्या आकाशातून जायच्या परवानग्या, उतरायचा स्लॉट, तिथली हँडलिंग एजन्सी, जेवण, गाडी, परत कधी निघणार याचा अंदाज, हे सगळं दोन पायलट आणि ऑफिसातला एखादा डिस्पॅचर मिळून उरकतात. बॅगा स्वतः चढवतात. मालक चार तास बैठकीत अडकला की हे चार तास विमानतळावर बसतात. एक दिवस लंडन, दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोतलं ॲस्पेन, जिथे डोंगरांच्या मधल्या दरीत ७,८०० फुटांवरच्या धावपट्टीवर उतरायचं असतं. या कामाची प्रतिष्ठा मला वाटते ती याच्यात. यंत्रणा कमी आणि निर्णय जास्त. आणि एक गुण असा की जो कुठल्याही परीक्षेत तपासला जात नाही: हवामान वाईट असताना खुद्द मालकाला ‘आज निघता येणार नाही’ हे शांतपणे सांगणं.

नोकरीच्या बाजाराकडे पाहिलं तर गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल वेगामुळे झालेला नाही, एअरलाइनमुळे झाला आहे. महासाथीनंतर अमेरिकेतल्या एअरलाइननी भरती सुरू केली आणि पगार वाढवले. २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांना चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळाली. कॉर्पोरेट विभागांतले अनुभवी पायलट तिकडे गेले. मालकांना तोवर गृहीत धरलेल्या गोष्टी बदलाव्या लागल्या. ठरलेल्या सुट्ट्या, सात दिवस काम सात दिवस आराम, वाढीव पगार. नेटजेट्सच्या पायलटांच्या संघटनेनं २०२४ मध्ये नव्या करारात मोठी वाढ मिळवली. वयाचाही फायदा आहे. एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षी थांबावं लागतं. अमेरिकेत कंपनीच्या स्वतःच्या विमानावर तशी वरची मर्यादा नाही, आणि सर्वांत मोठ्या व्यापारी ऑपरेटरांसाठी अलीकडच्या कायद्यानं ती ७० केली आहे. त्यामुळे एअरलाइनमधून निवृत्त झालेले कॅप्टन या बाजूला येतात, आणि तरुण पायलटला कधी त्यांच्याकडून शिकायला मिळतं, कधी त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते.

समजा, स्वनातीत बिझनेस जेट आलंच. नोकऱ्या किती? एरियनचाच आकडा धरू. दहा वर्षांत तीनशे विमानं, प्रत्येकामागे चार-पाच पायलट, म्हणजे सगळ्या जगात मिळून बाराशे ते पंधराशे जागा. त्या जागा आज ग्लोबल आणि गल्फस्ट्रीम उडवणाऱ्या, हजारो तासांचं लॉगबुक असलेल्या कॅप्टनांकडेच जाणार. विमा कंपन्या दुसरं काही मान्य करणार नाहीत. याला एक उलटी बाजूही आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. चौदा तासांच्या उड्डाणाला आज तीन किंवा चार पायलट लागतात, कारण दोघांनी तेवढं जागं राहणं सुरक्षित नाही. तेच अंतर कमी वेळात कापलं तर दोघं पुरतात. वेग वाढला की फेरीमागे कॉकपिटातल्या खुर्च्या कमी होतात. पायलटांच्या संख्येच्या दृष्टीनं पाहिलं तर लांब पल्ल्याचं संथ विमान हेच जास्त माणसांना काम देणारं.

काम मात्र बदलेल, आणि त्या बदलाचं मला खरं कुतूहल आहे. काँकॉर्डवर दोन पायलट आणि एक फ्लाइट इंजिनिअर असे. वेग वाढला की उचल मागे सरकते, म्हणून इंधन मागच्या टाक्यांत ढकलून विमानाचा गुरुत्वमध्य सरकवावा लागे, आणि उतरताना पुन्हा पुढे. मॅक २ ला नाकाचं तापमान १२० अंशांच्या वर जाई आणि सगळं विमान काही इंचांनी लांब होई. त्रिकोणी पंखांना फ्लॅप नव्हते, उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. मॅक १.४ ला ही तापण्याची अडचण उरत नाही. त्या वेगात नाकाचं तापमान तिशीच्याही आत राहतं. इंधनाची हलवाहलव आता संगणक करेल. पण उंची राहतेच. ५०,००० फुटांच्या वर केबिनचा दाब गेला तर शुद्ध राहते ती मोजके सेकंदच, म्हणूनच काँकॉर्डच्या खिडक्या तळहाताएवढ्या होत्या. वैश्विक किरणांची मात्राही तिथे वाढते. काँकॉर्डच्या कॉकपिटात ती मोजणारं उपकरण होतं.

आणि समोरची काच. लांब नाकामुळे एक्स-५९ ला पुढची खिडकीच नाही. कॅमेऱ्यांनी टिपलेलं दृश्य पडद्यावर येतं आणि वैमानिक ते पाहून उतरतो. काँकॉर्डनं हा प्रश्न नाक खाली झुकवून सोडवला होता, तेव्हा डोळ्यांना खरी धावपट्टी दिसत होती. पडद्यावरून उतरणं तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित करता येईल यात मला शंका नाही. पण ज्यांनी आयुष्यभर काचेतून क्षितिज पाहिलं त्यांना पडद्यावर तितकाच विश्वास ठेवायला शिकवणं हे सिम्युलेटरमधलं फार मोठं काम असेल. अशा विमानाचा पायलट सगळं करणारा गडी राहणार नाही. बॅगा चढवणं, जेवण मागवणं हे दुसऱ्यांकडे जाईल. तो एकाच विमानाचा जाणकार होईल, आणि ते विमान बंद पडलं तर त्या जाणकारीला दुसरीकडे गिऱ्हाईक नसेल. काँकॉर्ड २००३ मध्ये थांबलं तेव्हा त्याच्या वैमानिकांनाही निवृत्ती घ्यावी लागली किंवा साध्या विमानांवर परतावं लागलं.

मुंबईच्या दृष्टीनं हिशेब साधा आहे. लंडनचा रस्ता बहुतेक जमिनीवरून. सिंगापूरला निघालं की आधी भारताचं द्वीपकल्प ओलांडायचं, मग बंगालचा उपसागर. समुद्रावरचा नमुनेदार मार्ग दुबईचा, पण तो १,९०० किलोमीटरचा. चढणं-उतरणं वजा केलं तर स्वनातीत वेगानं जाण्याजोगे तेरा-चौदाशे किलोमीटर उरतात आणि वाचतो तो अर्धा-पाऊण तास. एवढा वेळ मुंबईच्या गर्दीत उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत सहज जातो.

आपल्याकडे कॉर्पोरेट उड्डाणाचं खरं क्षेत्र वेगळंच आहे. उद्योगपतींची जेट्स आहेत, चार्टर कंपन्या आहेत, निवडणुकीच्या दिवसांत त्यांना उसंत नसते. लातूर, नांदेडसारख्या लहान विमानतळांवर पावसाळी ढगांत उतरायचं, मोठ्या विमानतळांवरची साधनं तिथे नसतात, आणि मागे बसलेल्या माणसाला सभेची वेळ गाठायची असते. अशा वेळी परत फिरण्याचा निर्णय घेणारा पायलट मला मॅक १.४ वाल्यापेक्षा कमी वाटत नाही. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथल्या फ्लाइंग स्कूलमधून दोनशे तासांचा व्यावसायिक परवाना घेऊन दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांतल्या ज्यांना या बाजूला यायचं आहे त्यांनी टर्बोप्रॉपवर किंवा लहान जेटवर तास जमवावेत, कमी साधनांच्या धावपट्ट्यांची सवय करावी, आणि पुढे लांब पल्ल्याच्या जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, मिळवावं. त्या रेटिंगचा खर्च प्रचंड असतो. तो स्वतःच्या खिशातून, कर्ज काढून, नोकरीची हमी नसताना करू नये, असं मी कळकळीनं सांगेन. कर्जाखाली दबलेला पायलट नोकरी जाण्याच्या भीतीनं चुकीच्या दिवशी विमान काढतो, हा धोका कुठल्याही यंत्रातल्या बिघाडाइतकाच मोठा आहे.

स्वयंचलनाचीही धास्ती अनेकांना वाटते. पायलट बेशुद्ध पडला तर विमान आपोआप उतरवणारी गार्मिनची यंत्रणा २०२० मध्ये एका छोट्या विमानावर प्रमाणित झाली, आणि आता ती मोठ्या टर्बोप्रॉपपर्यंत पोचली आहे. तरी लांब पल्ल्यावर एकाच पायलटच्या हाती विमान देण्याच्या कल्पनेवर युरोपच्या सुरक्षा संस्थेनं अभ्यास करून, आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता दाखवता येत नाही असाच निष्कर्ष काढला. येत्या पंधरा-वीस वर्षांत बिझनेस जेटची दुसरी खुर्ची रिकामी होईल असं मला वाटत नाही. विमानात ज्यांची माणसं बसतात ते मालक आणि त्यांच्या विमा कंपन्याच ती रिकामी होऊ देणार नाहीत.

ज्यांना तरीही ध्वनीपलीकडची वाट पाहायची आहे त्यांनी कंपन्यांची संगणकावर रंगवलेली चित्रं बाजूला ठेवून दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. एक, एक्स-५९ च्या लोकवस्तीवरच्या उड्डाणांनंतर आवाजाची मर्यादा नेमकी किती डेसिबलवर ठरते आणि अमेरिकेबाहेरचे किती देश ती स्वीकारतात. दुसरी, मध्यम घेराचं, आफ्टरबर्नर नसलेलं, विमानतळाच्या नियमांत बसणारं इंजिन प्रत्यक्ष चाचणीच्या स्टँडवर किती तास चालतं. या दोन्ही गोष्टी जमून आल्या तरी त्यानंतर विमान प्रमाणित व्हायला आणखी सात-आठ वर्षं धरावी लागतील. आज विशीत असलेला पायलट तोवर तिशी ओलांडून कॅप्टनच्या खुर्चीत बसलेला असेल, आणि हाती असलेले हजारो तास त्याला त्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ शकतील. ते तास त्यानं मॅक ०.८५ नंच जमवलेले असतील.